फिलाडेल्फियातले लुगडे

गेल्या वर्षी मी वर्गात मुलींना आनंदीबाई जोशींचा एक फोटो दाखवला. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला, तीन वैद्यक-विद्यार्थिनींचा. एक जपानची, एक सीरियाची आणि एक आपली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. मी त्यांच्या विद्येचे गुणगान करीत होते, तोच मागल्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, तिकडे बर्फ पडतं ना? मग यांना थंडी नाही वाजली?"

मी तिला खाली बसवले. प्रश्न मात्र खाली बसेना.

पौषातल्या पहाटे नऊवारी नेसून ज्यांनी अंगणात सडा घातला आहे, त्यांना हा प्रश्न निराळा समजावून सांगायला नको. कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या पडतात, चोळी आणि निऱ्या यांच्यामध्ये कंबर उघडी राहते, आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. वरून कितीही जाड धाबळी पांघरा, घराचे खालचे दार उघडेच! कापडाला स्वतःची ऊब नसते. अंगालगतची हवा ते कोंडून धरते, ऊब त्या हवेची. वाऱ्याने ती हवा पळवली की लोकरीचाही इलाज चालत नाही. पुण्यात हे सोसता येते. फिलाडेल्फियात जानेवारीच्या रात्री उघड्यावरचे पाणी गोठते.

आणि आनंदीबाई तर शब्द देऊन गेलेल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे भर सभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आहार, पोशाख, चालीरीती यांत बदल करणार नाही. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांना अठरा वर्षे नुकतीच पुरी झाली होती. बाईने पायांत जोडे घातले तरी रस्त्यावरचे लोक हसायचे, असा तो काळ. तिथे पारा किती उतरतो, हे त्या सभेत कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

मग मडमेचा झगाच का घातला नाही, असे आज आपण सहज म्हणू. पण त्या झग्याची तरी कुठे धड होती? कंबर आवळणारी काचोळी, आणि त्याच कमरेवर टांगलेले परकरांचे ओझे! १८७४ साली बॉस्टनमध्ये खुद्द अमेरिकन स्त्री-डॉक्टरांनीच या पोशाखाविरुद्ध व्याख्याने दिली होती. त्याच वर्षी इकडे नऊ वर्षांच्या आनंदीचे लग्न लागत होते. विलायतेत बर्बेरी नावाच्या कापडवाल्याने १८७९ साली वारा अडवणारे घट्ट विणीचे गॅबर्डिन काढले होते खरे. पण ते अंगाबरोबर शिवायचे कापड, आणि आपले लुगडे तर शिवायचेच नसते.

आनंदीबाईंनी यातून जी वाट काढली ती मला त्यांच्या पदवीइतकीच मोलाची वाटते. नऊवारी सोडून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. घोटे झाकले गेले, पोटऱ्या झाकल्या गेल्या, आणि कासोटा नसल्यामुळे आत परकर घालायची सोय झाली. गोपाळरावांची बदली भूजला झाली होती, त्या दिवसांत ही नेसण त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली असणार. वस्त्र हिंदुस्थानचेच राहिले, शब्दही राहिला. पुरुषांना यात काही घडले असे वाटणार नाही, बायकांना वाटेल.

ती ऊब पुरी पडली का? ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली, पण तोवर प्रकृती ढासळत चालली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो, हे कॉखने १८८२ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा सारा दोष लुगड्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. हे मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितले. ती म्हणाली, "पण बाई, वाजली तर असेलच ना?"

"वाजली असेल," मी म्हणाले.

त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो.