निरोगी आई-वडिलांचे मूल सिकलसेलग्रस्त का? प्रभावी व अप्रभावी जनुकांचे गणित

रायपूर : आई-वडील दोघेही निरोगी, दोन्ही घराण्यांत या आजाराचा उल्लेख नाही आणि तरीही मूल सिकलसेलचा रुग्ण म्हणून जन्माला येते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्रातील विदर्भ या सलग पट्ट्यातील अनेक कुटुंबांना हा अनुभव आला आहे. दोष आईच्या माथी मारला जाणे किंवा त्यास दैवी कोप मानणे हे त्यानंतर घडते. प्रत्यक्षात हा आनुवंशिकतेच्या साध्या नियमाचा परिणाम आहे.

काय आहे हा नियम?

माणसाला प्रत्येक गुणधर्मासाठी जनुकाची जोडी मिळते; एक प्रत आईकडून, दुसरी वडिलांकडून. एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांना ‘अलील’ म्हणतात. जोडीतील दोन अलील भिन्न असताना ज्याचा परिणाम दिसून येतो तो प्रभावी आणि ज्याचा परिणाम झाकला जातो तो अप्रभावी. ग्रेगॉर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून हा नियम मांडला. त्यांचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रभावी म्हणजे बलवान किंवा समाजात अधिक आढळणारा, असा अर्थ नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार प्रभावी अलीलमुळे होतो, तरीही तो विरळा आहे. अशा आजारात एकच सदोष प्रत पुरेशी असते. त्यामुळे आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के असतो आणि आजार सहसा पिढ्यानपिढ्या दिसत राहतो. अप्रभावी आजारात दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. म्हणून तो अनेक पिढ्या दडून राहू शकतो.

एका अक्षराचा फरक

सिकलसेलचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात आहे. त्यातील एका अक्षराच्या बदलाने हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. त्यातून रक्तक्षय, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्याने असह्य वेदनांचे झटके, वारंवार जंतुसंसर्ग आणि प्लीहा, फुप्फुस, मेंदू यांची हानी होते.

सामान्य अलीलसाठी ‘ए’ आणि सदोष अलीलसाठी ‘एस’ ही अक्षरे वापरली जातात. ‘एएए’ अशी कोणतीही गुंतागुंत येथे नाही, जोड्या तीनच. ‘एए’ व्यक्ती सामान्य, ‘एएस’ व्यक्ती वाहक आणि ‘एसएस’ व्यक्ती रुग्ण. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही, म्हणून आजार अप्रभावी म्हटला जातो. मात्र वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होत असते. म्हणजे आरोग्याच्या पातळीवर ‘एस’ झाकलेला, तर रक्ताच्या पातळीवर दोन्ही अलील सहप्रभावी असतात. यामुळेच साध्या रक्तचाचणीत वाहक ओळखता येतो.

संभाव्यता कशी ठरते?

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः सामान्य असण्याची २५ टक्के असते. एक वाहक व दुसरा सामान्य असल्यास मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. वाहक होण्याची शक्यता ५० टक्के राहते. रुग्ण आणि सामान्य व्यक्तीची सर्व अपत्ये वाहक असतात. रुग्ण आणि वाहक यांच्या अपत्यांत रुग्ण होण्याची शक्यता ५० टक्के असते.

ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण आहे, म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. तसेच रुग्ण अपत्याला एक ‘एस’ आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला असतो. केवळ आईला जबाबदार धरण्यास शास्त्रात आधार नाही.

याच पट्ट्यात प्रमाण अधिक का?

‘एस’ अलील असलेल्या वाहकांना तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. हिवतापग्रस्त जंगलपट्ट्यांत वाहक अधिक जगले आणि अलील टिकून राहिला. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. मध्य भारतातील नोंद १९५८ मध्ये नागपूरचे संशोधक आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. हा केवळ आदिवासींचा आजार नाही. छत्तीसगडमध्ये साहू, कुर्मी, अघरिया अशा समाजांतही तो आढळतो.

आपापल्या समाजातच विवाह करण्याच्या रूढीने धोका वाढतो. समजा, एखाद्या समाजात १० टक्के लोक वाहक आहेत. तेथे दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता शंभरात एक आणि रुग्ण अपत्याची चारशेत एक. वाहक २० टक्के असतील तर हीच शक्यता शंभरात एक होते. वाहक दुप्पट, रुग्ण चौपट. मामे-आते भावंडांच्या विवाहात एकाच पूर्वजाचा अलील दोघांकडे असण्याची शक्यता आणखी वाढते. महाराष्ट्रात असे विवाह अनेक समाजांत होतात. गोंड समाजात ‘दूध लौटावा’ ही प्रथा याच स्वरूपाची आहे.

तपासणी आणि समुपदेशन

राष्ट्रीय सिकलसेल रक्तक्षय निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे आहेत. रायपूर येथे या आजारासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था कार्यरत आहे.

प्राथमिक विद्राव्यता चाचणीने ‘एस’ आहे किंवा नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने निश्चित होते. जोडीदाराच्या प्राथमिक चाचणीत ‘एस’ न आढळणे पुरेसे नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असल्यास अपत्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो आणि हा धोकाही प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के असतो.

आजार झाल्यास हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक आम्ल, लसीकरण आणि पुरेसे पाणी यांमुळे त्रास बराच कमी होतो. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जनुक-संपादनावर आधारित उपचाराला मान्यता दिली, परंतु त्याचा खर्च सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे.

विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवाल पाहावा, असा सल्ला या पट्ट्यात दिला जातो. मात्र वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. त्या कारणावरून मुलीचे स्थळ नाकारणे अनाठायी ठरते, कारण जोडीदार तपासणीत सामान्य आढळल्यास या आजाराचे मूल जन्मत नाही. दोघेही वाहक असले तरी निर्णय त्यांचाच असतो. गर्भावस्थेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भजल-पूर्व ऊतक तपासणीने निदान शक्य असते आणि त्यासाठी समुपदेशन वेळेत मिळणे आवश्यक ठरते. अहवाल गोपनीय राहिला, तरच लोक तपासणीसाठी पुढे येतील.