बालमजुरीविषयक आंतरराष्ट्रीय करार व भारत

ठराविक वयाखालील मुलांना नोकरीस लावू नये आणि कोणत्याही मुलाकडून त्याच्या आरोग्यास, शिक्षणास वा नैतिक विकासास घातक असे काम करवून घेऊ नये, हे तत्त्व विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय करारांद्वारे मान्यता पावले. या विषयावरील पहिला महत्त्वाचा करार १९१९ मध्ये झाला. तर किमान वयासंबंधीच्या सर्वसाधारण कराराचे अनुसमर्थन भारताने २०१७ मध्ये केले. या सु. शंभर वर्षांच्या कालखंडात तत्त्व मान्य करावयाचे, पण देशाच्या आर्थिक परिस्थितीमुळे त्याची अंमलबजावणी क्रमाक्रमाने करावयाची, अशी भारताची भूमिका राहिली. तिचे स्वरूप राजकीय स्थित्यंतरानंतरही फारसे पालटले नाही.

भारतात यंत्रोद्योगाची वाढ प्रथम मुंबईच्या कापड गिरण्यांतून झाली आणि बालकामगारांचा प्रश्नही तेथेच प्रथम पुढे आला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी प्रयत्न केले. भारतीय गिरण्यांच्या स्पर्धेमुळे अस्वस्थ झालेल्या लँकाशरच्या गिरणीमालकांनीही कायद्याचा आग्रह धरला. त्यामुळे या सुधारणेमागील हेतूविषयी येथे संशय व्यक्त होत असे. १८८१ च्या कारखाने अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांपुरते मर्यादित केले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्यानंतरच्या काळात, १८९१ मध्ये, किमान वय नऊ व कामाचे तास सात करण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा भारत हा संस्थापक सदस्य होता. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. या परिषदेने उद्योगधंद्यांतील कामासाठी चौदा वर्षे ही किमान वयोमर्यादा ठरविली. मात्र भारताला ती लागू न करता बारा वर्षांची वेगळी मर्यादा घालून देण्यात आली. तीही यंत्रशक्तीवर चालणारे व दहांहून अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी, रेल्वे आणि गोद्यांतील मालवाहतूक यांपुरतीच होती. त्यानुसार १९२२ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन किमान वय बारा झाले. विड्या वळणे, गालिचे विणणे यांसारखे असंघटित धंदे मात्र कायद्याबाहेरच राहिले. रॉयल कमिशनने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात अशा धंद्यांतील कोवळ्या मुलांची दुःस्थिती व कर्जापोटी त्यांचे श्रम गहाण टाकण्याची प्रथा उघडकीस आणली. तीतून १९३३ चा श्रमगहाणविरोधी अधिनियम आणि पुढे १९३८ चा बालकांच्या नोकरीविषयीचा अधिनियम असे दोन कायदे झाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वयोमर्यादा चौदा केली. संविधानाच्या अनुच्छेद २४ अन्वये चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी वा इतर धोक्याच्या कामांत नेमण्यास मनाई आहे. मूळ अनुच्छेद ४५ अन्वये दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ते त्या मुदतीत साध्य झाले नाही. १९१९ च्या कराराचे अनुसमर्थन भारताने १९५५ मध्ये केले.

अनुच्छेद ५१ नुसार आंतरराष्ट्रीय करारांतील बंधनांविषयी आदर वाढविण्याचा राज्याने प्रयत्न करावयाचा आहे. तथापि भारतात करार आपोआप देशाचा कायदा बनत नाही. त्यासाठी संसदेने अनुच्छेद २५३ खालील अधिकार वापरून अधिनियम करावा लागतो. त्यामुळे कराराच्या पालनाची कसोटी कायदा, निरीक्षणयंत्रणा आणि शाळा यांच्या प्रत्यक्ष स्थितीवरच लागते.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते. त्याच वर्षी नेमलेल्या गुरुपादस्वामी समितीने गरिबी असेपर्यंत बालमजुरी सर्वस्वी नाहीशी करणे कठीण असल्याचे मत मांडले. १९८६ च्या बालकामगार अधिनियमात हाच दृष्टिकोन उमटला : विशिष्ट धोक्याच्या धंद्यांत बंदी आणि इतरत्र केवळ नियमन. १९८८ पासून कामावरून सोडविलेल्या मुलांसाठी खास शाळा चालविणारा राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प सुरू झाला. २०२१ मध्ये तो समग्र शिक्षा योजनेत विलीन करण्यात आला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करार संमत केला. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्यात सामील होताना आर्थिक शोषणाविरुद्धच्या अनुच्छेद ३२ विषयी एक निवेदन जोडले. प्रत्येक क्षेत्रातील नोकरीसाठी लगेच किमान वय ठरविणे व्यवहार्य नसल्याने तो अनुच्छेद क्रमाक्रमाने अमलात आणू, असा त्याचा आशय होता. १९१९ मध्ये परकीय सत्तेच्या काळात मिळालेली सवलत आता स्वतंत्र भारताने स्वतःहून मागितली, असे या निवेदनाविषयी म्हणता येईल.

यानंतर न्यायालयांनी या प्रश्नाला गती दिली. शिवकाशीच्या काडेपेटी व फटाके उद्योगातील मुलांसंबंधीच्या खटल्यात (एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य, १९९६) सर्वोच्च न्यायालयाने नियम मोडणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये कल्याणनिधीत भरावेत आणि कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस काम देण्याची व्यवस्था व्हावी, असे निर्देश दिले. २००२ मध्ये शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्यासंबंधीचा अधिनियम अमलात आला. सक्तीच्या शिक्षणाचे वय व नोकरीचे किमान वय यांची सांगड १९७३ च्या मजूर संघटनेच्या करारानेच (क्र. १३८) घातली होती, ती भारतात या अधिनियमामुळे शक्य झाली.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत व प्रक्रियांत मनाई करण्यात आली आणि चौदा ते अठरा वर्षे वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामांत बंदी झाली. तदनंतर १३ जून २०१७ रोजी भारताने करार क्र. १३८ व बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांविषयीचा १९९९ चा करार क्र. १८२ यांचे अनुसमर्थन केले. मात्र शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत कौटुंबिक धंद्यात मदत करण्याची मुभा कायद्यात आहे. धोक्याच्या कामांची यादीही पूर्वीपेक्षा आखूड करण्यात आली. घरगुती विडी, गालिचा वा शेतीच्या कामात मदत कोठे संपते व मजुरी कोठे सुरू होते, हे ठरविणे निरीक्षकास कठीण असते. त्यामुळे या मुभेवर टीका झाली आहे. बालहक्क समितीने २०१४ मध्ये भारताचा अहवाल तपासताना १९९२ चे निवेदन मागे घ्यावे, अशी शिफारस केली होती.

जनगणनेनुसार पाच ते चौदा वर्षे वयोगटातील काम करणाऱ्या मुलांची संख्या २००१ मध्ये सु. १.२६ कोटी, तर २०११ मध्ये सु. १.०१ कोटी होती. ही घट लक्षणीय असली, तरी उरलेली संख्या मोठीच होती. गरिबीमुळे मूल कामास लागते; पण अशिक्षित व अल्पवेतनी राहिल्याने मोठेपणी तेच गरिबीत अडकते. म्हणूनच गरिबी हटेपर्यंत थांबावे, हा दीर्घकाळ चालत आलेला युक्तिवाद अपुरा ठरला आणि सक्तीचे शिक्षण हाच बालमजुरीवरील खरा प्रतिबंध आहे, हे मत हळूहळू रूढ झाले.