नकाशा, मुक्काम आणि जकातनाका

पासाऊ या बव्हेरियातील नगरापासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने सायकलवरून जाण्याचा ज्याने मनोदय केला आहे, त्याला आज घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच रोजची मजल किती, नदी कोणत्या गावी नावेतून ओलांडावयाची, रात्रीचा मुक्काम कोठे आणि परतीच्या आगगाडीत सायकल घेतात की नाही, हे सारे बसल्या जागी समजते. आणि ही माहिती इतक्या सहजपणे हाती येते की, ती प्रथम कोणी व कशासाठी गोळा केली हा प्रश्नही त्याच्या मनात उद्भवत नाही. सायकलप्रवासाचा इतिहास लिहिताना यंत्राच्या सुधारणांचा पाढा वाचण्याची वहिवाट पडली आहे. परंतु यंत्र कितीही सुधारले तरी परक्या मुलुखात त्यावर बसून निघण्याचे धैर्य सामान्य माणसाला आले, ते चढउतारांची, खाणावळींची व जकातीची नोंद करून ठेवण्यात पदरचे पैसे व सुट्टीचे दिवस खर्ची घालणाऱ्या, सायकलप्रवाशांच्या मंडळांच्या वर्गणीदार सभासदांमुळे. आणि या दप्तरी कामाचे श्रेय त्यांना अद्याप पुरते मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ल ड्राइसने १८१७ साली मानहाइम येथे आपले लाकडी यंत्र रस्त्यावर आणले आणि १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये त्या जातीच्या यंत्राच्या पुढच्या चाकाला पेडल बसले, तरी दूरच्या प्रवासाचा विचार सुरू झाला तो १८७०नंतर, उंच चाकाच्या सायकलीबरोबर. त्या वेळी युरोपातील राजमार्गांची रया गेलेली होती. आगगाडी आल्यापासून टपालगाड्या बंद पडल्या, घोडे बदलण्याची ठाणी ओस पडली, आणि ज्या सरायांत एके काळी रात्रंदिवस राबता असे त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. अशा रस्त्यांवर चार-पाच फूट उंचीच्या चाकावर बसून येणारा इसम गावकऱ्यांना विक्षिप्त वाटे, सरायवाल्याला संशयास्पद वाटे आणि कुत्र्यांना तर शत्रूच वाटे. उतारावर पुढच्या चाकाला एखादा दगड अडला की स्वार हँडलवरून डोक्यावर आपटावयाचा, त्यामुळे अनोळखी उतार म्हणजे जिवाशी गाठ होती. थॉमस स्टीव्हन्स हा साहसी गृहस्थ १८८५ साली अशाच यंत्रावर इंग्लंडपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत गेला आणि पुढे हिंदुस्थानातूनही त्याने मार्गक्रमण केले, ही गोष्ट खरी. परंतु एका वीरपुरुषाच्या पराक्रमाने सर्वसाधारण माणसाची सोय होत नसते.

ती सोय करण्याचा पद्धतशीर उद्योग इंग्लंडातील हॅरोगेट या गावी १८७८ साली सुरू झाला. स्टॅन्ली कॉटरेल आणि त्याच्या सोबत्यांनी तेथे 'बायसिकल टूरिंग क्लब' स्थापन केला, आणि तीनचाकीवाल्यांनाही आत घ्यावयाचे म्हणून १८८३ साली त्याचे 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' असे नामांतर झाले. या मंडळाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. गावोगावी एकेक मानद प्रतिनिधी नेमावयाचा. आपल्या परिसरातील रस्ते कसे आहेत, कोठे खडी पडली आहे, यंत्र मोडल्यास दुरुस्त करणारा लोहार कोठे राहतो, याची माहिती त्याने येणाऱ्या सभासदाला द्यावयाची. आणि निवडक खाणावळींशी दर ठरवून त्यांची यादी मंडळाच्या हस्तपुस्तिकेत छापावयाची. अशा खाणावळीच्या दर्शनी भिंतीवर पंख असलेल्या चाकाचा बिडाचा फलक झळके. दिवसभराच्या धुळीने माखलेल्या स्वाराला तो फलक दुरून दिसला की येथे आपल्याला दारावरून परत लावणार नाहीत, बिल फुगविणार नाहीत आणि यंत्र ठेवावयास आडोसा देतील, एवढी शाश्वती मिळे. सराय व्यवसायाला पुन्हा प्राण आला त्याचे श्रेय पुष्कळ जण मोटारीला देतात. वास्तविक मोटार येण्यापूर्वीच सायकलस्वारांनी त्या चुली पेटवल्या होत्या.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र ही शाश्वती पुरी पडली नाही. १८९८ साली मंडळाच्या सभासद लेडी हार्बरटन सरे परगण्यातील ओकम गावच्या 'हॉटबॉय' या खाणावळीत उतरल्या, तेव्हा त्यांनी झग्याऐवजी सायकलस्वारीला सोयीची ढगळ विजार परिधान केली होती. एवढ्या कारणावरून त्यांना भोजनाच्या मुख्य दालनात बसू न देता दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीकडे बोट दाखविण्यात आले. मंडळाने ही गोष्ट आपल्या अंगावर घेऊन खटला भरला. पुढल्या वर्षी ज्यूरीने निकाल खाणावळवालीच्या बाजूने दिला. खटला हरला तरी बाईंच्या वतीने तो लढविण्याचा खर्च मंडळाने केला, ही नोंद मला विशेष मोलाची वाटते.

उतारांचा प्रश्न मंडळाने दोन मार्गांनी सोडविला. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सावधगिरीचे फलक रोवण्यात आले, म्हणजे रस्त्यावरील जी सूचना आपण आज सरकारचे कर्तव्य समजतो ती आरंभी सायकलस्वारांच्या वर्गणीतून उभी राहिली. १८८६ साली याच लोकांच्या पुढाकाराने रस्तेसुधारणेची एक संस्था निघाली. दुसरा मार्ग पुस्तकांचा. हॅरी इंग्लिस याने १८९६ साली स्कॉटलंडच्या रस्त्यांचे जे पुस्तक काढले त्यात प्रत्येक रस्त्याची बाजूने पाहिलेली आकृती दिलेली होती: आडव्या अंगाला मैल, उभ्या अंगाला उंची, आणि त्यांमधून कधी चढत कधी घसरत जाणारी एक रेघ. साध्या नकाशावर दोन गावांतील अंतर वीस मैल दिसते आणि तेवढ्यावर भिस्त ठेवणारा मनुष्य दुपारपर्यंत पोहोचण्याची खूणगाठ बांधतो. इंग्लिसची रेघ त्याला आदल्या रात्रीच सांगे की, पहिल्या पाच मैलांनंतर सायकल हाती धरून चालावे लागेल, आणि माथा ओलांडल्यावर ब्रेक तपासल्याशिवाय उतारास लागू नये. प्रवासाची आखणी अंतरावरून न करता श्रमावरून करावी हा विचार या पुस्तकांनी रुजविला.

सरहद्द ओलांडताना आणखी एक अडथळा येई. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी प्रवाशाला पारपत्राची गरज पडत नसे, हे आज खरे वाटणार नाही. परंतु माणसाला मोकळी असलेली वेस त्याच्या सायकलीला मोकळी नव्हती. सायकल हा आयात माल ठरे आणि जकातनाक्यावर तिच्या किमतीच्या मानाने अनामत भरावी लागे. ती परत मिळावयाची देश सोडताना, दाखला जपून ठेवला असल्यास आणि त्या नाक्यावरील कारकुनाला वेळ असल्यास. काही सरहद्दींवर सायकलीला शिशाची मोहोरही लावीत. आल्प्स ओलांडून फ्रान्स, स्वित्झर्लंड व इटली असा प्रवास करणाऱ्याला पैसे तीनदा अडकवून ठेवावे लागत, आणि ही ऐपत बेताच्या मिळकतीच्या शिक्षकाला किंवा कारकुनाला कोठून असणार? मंडळांनी आपली पत जामीन ठेवून एकेका सरकारशी वाटाघाटी केल्या आणि सभासदत्वाचे ओळखपत्र दाखविले की अनामतीशिवाय सायकल सोडावी, अशा सवलती मिळविल्या. १८९८ साली लक्झेंबर्ग येथे निरनिराळ्या देशांतील मंडळांचा संघ स्थापन झाला.

या मंडळांची नावे घेतली तरी त्या पिढीच्या उत्साहाची कल्पना येते. हॉलंडमध्ये १८८३ साली सायकलस्वारांचा राष्ट्रीय संघ निघाला, १८९४ साली त्याने पहिला मार्गदर्शक खांब रोवला, आणि १९१९ साली बार्न गावाच्या परिसरात अळंबीच्या आकाराचे ते बुटके दिशादर्शक दगड बसविले, जे आजही डच पाऊलवाटांवर भेटतात. फ्रान्सच्या टूरिंग क्लबने १८९०पासून खाणावळींच्या स्वच्छतेचा ध्यास घेतला. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने धुता येतील असे पडदे, पांढऱ्या भिंती आणि साधा पलंग असलेली आदर्श खोली उभारून दाखविली. मिलान येथे १८९४ साली लुइजी व्हित्तोरियो बेर्तारेल्ली आदी सत्तावन्न सायकलस्वारांनी स्थापन केलेल्या इटालियन मंडळाने तर १९०६पासून आपल्या साऱ्या देशाचा अडीच लक्षांस एक या प्रमाणाचा नकाशा तयार करविला. राज्य एकवटून अर्धशतकही न लोटलेल्या इटलीत सामान्य नागरिकाच्या हातात त्याच्या देशाचे समग्र चित्र प्रथम ठेवले ते एका प्रवासी मंडळाने, ही गोष्ट राजकीय इतिहासकारांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

नकाशा आणि मुक्काम यांची तजवीज झाली तरी शरीराची आखणी उरतेच, आणि तिचे शास्त्र ज्याने घडविले तो पुरुष म्हणजे सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही. रेशमाचा व्यापार सोडून तो सायकलींकडे वळला, १८८७ साली त्याने नियतकालिक काढले आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो हयातभर लिहीत राहिला. गावाच्या दक्षिणेस १,१६१ मीटर उंचीचा एक घाट आहे. तो पुनःपुन्हा चढून, प्रत्येक वेळी गती, आहार व थकवा यांची नोंद करून त्याने निष्कर्ष काढले. विश्रांती थोडी आणि क्वचित घ्यावी, म्हणजे लय मोडत नाही. भूक लागण्याआधी खावे व तहान लागण्याआधी प्यावे. थंडी वाजण्याआधी अंगावर घ्यावे आणि उकडण्याआधी उतरवावे. मद्य, मांस आणि तंबाखू प्रवासात तरी वर्ज्य करावीत. जेवण जाणार नाही की झोप लागणार नाही इतके कधी थकू नये. आणि केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये. आज व्यायामशास्त्राचे जाडजूड ग्रंथ उपलब्ध असताही लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला याहून सरस शिदोरी देता येईल असे मला वाटत नाही.

चढासाठी हलका आणि सपाटीसाठी भारी असे बदलते गियर असावेत, असा त्याचा आग्रह होता, आणि शर्यतींचे पुढारी अशा गियरांना दुबळ्यांचा आधार म्हणून हिणवीत. टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलीवर साखळी सरकवून गियर बदलण्याची साधने १९३७ साली मान्य झाली. तोवर हौशी प्रवासी कित्येक वर्षे त्यांच्या बळावर सामानसुमानासह घाट चढत होते. यंत्राची सुधारणा शर्यतीतून झिरपत खाली येते हा रूढ समज येथे साफ खोटा ठरतो. व्हेलोसिओ १९३० साली आपल्याच गावात ट्रामच्या धक्क्याने मरण पावला. त्या घाटाच्या माथ्यावर त्याचे स्मारक आहे.

मोटार आल्यावर मंडळांचे चित्त विचलित झाले. इटालियन मंडळाने १९०० सालीच नावातून सायकल गाळली, आणि डच संघही कालांतराने मोटारवाल्यांचा झाला. सायकलीला पुन्हा बहर आला तो श्रमिकांच्या हक्काबरोबर: जर्मनीत रिचर्ड शिरमान याने आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ साली युवकांसाठी स्वस्त निवास उघडला, ती कल्पना देशोदेशी पसरली, आणि १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली, तेव्हा जोडसायकलींवर तंबू लादून सहस्रावधी कुटुंबे समुद्रकिनाऱ्याकडे निघाली.

आपल्याकडील तरुणही या रस्त्यांवर येऊन गेले आहेत. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी इराण-इराकमार्गे युरोप गाठून, तो पार करून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि १९२८ साली ते मुंबईस परतले. उलट दिशेने, आयर्लंडच्या डेर्व्हला मर्फी १९६३च्या भर हिवाळ्यात डंकर्कहून दिल्लीकडे निघाल्या. त्यांनी सायकलीचे गियर नाजूक म्हणून आधीच काढून टाकले होते आणि जादा टायर वाटेवरील ठाण्यांवर आगाऊ रवाना केले होते. अटळ गोष्टींची बेगमी करावयाची आणि बाकीच्या वाटेवर सोडावयाच्या, ही त्यांची दृष्टी मला फार भावते.

आता जकातीची जागा व्हिसाने घेतली आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी १९८५ साली झालेला करार १९९५पासून अमलात आला. त्यामुळे फ्रान्समधून जर्मनीत शिरताना सहसा सायकलवरून उतरावेही लागत नाही, परंतु पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याला त्या आवारात पाऊल ठेवण्यासाठी मुक्कामांचा तपशील, परतीची तजवीज आणि किमान तीस हजार युरोंचा विमा यांचे कागद आधी दाखल करावे लागतात, आणि १८० दिवसांत नव्वदांपेक्षा अधिक दिवस राहता येत नाही. वारा आणि पाऊस यांच्या मर्जीने चालणाऱ्या प्रवासाचे मुक्काम दोन महिने आधी लिहून देणे ही मोठीच अडचण आहे. म्हणून जाणते लोक रोजची मजल ताकदीपेक्षा आखूड धरतात, चार-पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवतात आणि मार्ग शक्यतो नदीच्या प्रवाहाबरोबर आखतात.

डॅन्यूबकाठची वाट याच कारणाने लोकप्रिय झाली. पूर्वी नावा ओढणारे घोडे जेथून चालत त्या काठच्या पट्ट्यावरून ती पुष्कळशी गेलेली आहे, आणि १९८७ साली तिचे मार्गदर्शक पुस्तक निघाल्यावर अशा पुस्तकांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. दहा वर्षांनी युरोपीय सायकल संघाने साऱ्या खंडाला जोडणाऱ्या दीर्घ मार्गांचे जाळे जाहीर केले. त्यातील एक अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. त्याआधी, १९९५ साली, बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाणीतील अभियंत्याने प्रत्येक तिठ्याला क्रमांक देण्याची युक्ती अमलात आणली, आणि ती शेजारच्या हॉलंडनेही उचलली. तेथे दिवसाची आखणी म्हणजे कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेले दहा-बारा आकडे. जुन्या राष्ट्रीय संघाहून निराळ्या, आजच्या डच सायकलस्वार संघाचा मार्ग शोधून देणारा नकाशा मात्र आजही स्वयंसेवकच भरतात: सुट्टीच्या दिवशी आपापल्या भागात हिंडून, कोठे फरसबंदी उखडली आहे आणि कोठे रात्री दिवा नाही, हे ते एकेका रस्त्यासमोर नोंदवीत असतात.