परवचा आणि प्रगतिपुस्तक

प्राथमिक शाळेचें वर्ष संपत आलें म्हणजे मुलाच्या हातीं एक लहानसें पुस्तक पडतें. त्यास प्रगतिपुस्तक म्हणतात. त्यांत हजेरीचे दिवस असतात, विषयवार गुण किंवा श्रेणी असते, वर्गशिक्षकाचा दोन शब्दांचा शेरा असतो आणि अगदीं खालीं एक रिकामी रेघ असते. त्या रेघेवर पालकानें सही करावयाची असते. महाराष्ट्रांतील पुष्कळ शाळांतून हा निकाल १ मे रोजीं, झेंडावंदन आटोपल्यावर, सांगण्याचा प्रघात पडून गेला आहे. कोणी बाप ती सही घाईघाईनें करून मोकळा होतो. कोणी आई आधीं सारें मुलाकडून वाचून घेते आणि मग अंगठा उमटविते. ती रेघ दिसावयास क्षुल्लक खरी. परंतु मुलाच्या विद्येचा वर्षअखेरचा जाब कोणीं कोणास द्यावयाचा, ह्या प्रश्नाचा इतिहास तिच्यांत सांठविलेला आहे.

पेशवाईच्या अखेरीस व इंग्रजी अंमलाच्या आरंभीं गांवोगांवच्या शाळा पंतोजी चालवीत. शाळा देवळाच्या ओवरींत, एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवींत किंवा पंतोजींच्या घरींच भरे. १८२९ सालीं मुंबई इलाख्यांतील शाळांची मोजदाद झाली, तेव्हां एकंदर १,७०५ शाळा आणि सुमारें ३५,००० विद्यार्थी आढळले. त्यांपैकीं सरकारी शाळा अवघ्या २५ होत्या. बाकीच्या साऱ्या गांवकऱ्यांनीं दिलेल्या पैशावर व धान्यावर तगून होत्या. मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवी. हात बसला म्हणजे बोरू धरी व कागदावर लिही. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी तोंडपाठ झाली, मोडी पत्र वाचतां आलें, जमाखर्च मांडतां आला, कीं विद्या पुरी झाली असें समजत. पंतोजींची छडी कडक असे, आणि शिक्षेचे प्रकार आज ऐकवणार नाहींत असे होते. तथापि ह्या शाळेचा एक गुण होता. जो पोटाला देई त्यालाच पंतोजी जाब देत, आणि देणारे मुलांचे आईबापच असत.

ह्या शाळांत प्रगतिपुस्तक नव्हतें, परंतु घरीं परवचा होता. दिवेलागणीस हातपाय धुऊन मुलें देवापुढें बसत आणि पाढे, वार, तिथि, महिने, नक्षत्रें असें सारें मोठ्यानें म्हणत. आजोबा ओसरीवर जपमाळ ओढीत बसलेले असत, पण त्यांचा कान मुलांकडे असे. आई चुलीपुढें भाकरी थापीत असे. मूल सतराच्या पाढ्यांत अडखळलें कीं आंतून तिचा आवाज येई. तिला अक्षरओळख नसे. परंतु भावांचा, दिरांचा, मुलांचा परवचा ऐकून ऐकून तिचे पाढे पाठ झालेले असत. वर्षाच्या शेवटीं होणारी परीक्षा ह्या घरांत रोज संध्याकाळीं होत असे, आणि परीक्षक घरचेच असत.

पण असा परवचा कांहीं थोड्या घरांतच चाले. ज्या आईस पाढे ऐकून येत होते, तिला शाळेंत बसण्याची मात्र मुभा नव्हती. कुणब्याचीं, माळ्याचीं मुलें शाळेंत क्वचितच दिसत. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस ओवरीची पायरीहि चढतां येत नसे. तेव्हां पालकांचें शाळेकडे लक्ष असे असें म्हणतांना, कोणत्या पालकांचें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. ज्यांच्यासाठीं शाळेचें दारच उघडलें नव्हतें त्यांनीं लक्ष तरी कशाकडे द्यावें?

तें दार पुण्यांत १८४८ सालीं किलकिलें झालें. त्या वर्षीं जोतीराव फुले यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. घरच्या व बाहेरच्या विरोधामुळें हें काम मध्यें खंडित झालें. १८५१ सालीं बुधवार पेठेंत चिपळूणकरांच्या वाड्यांत तें पुन्हां सुरू झालें आणि लवकरच शहरांत आणखी शाळा निघाल्या. मुलींस घरून आणण्यासाठीं व परत पोंचविण्यासाठीं शिपाई ठेवलेले असत. ह्या एका व्यवस्थेवरून आईबापांची भीति केवढी होती आणि चालकांनीं ती किती ओळखली होती, हें कळून येतें. भित्र्या बापास उपदेश करण्यापेक्षां त्याची मुलगी सुखरूप घरीं पोंचविणें अधिक गुणाचें, हें त्यांस ठाऊक होतें.

ह्या शाळांच्या परीक्षा चार भिंतींआड उरकल्या जात नसत. १७ फेब्रुवारी १८५२ रोजीं मुलींची जाहीर परीक्षा झाली. पुढच्या वर्षीं १२ फेब्रुवारीस झालेल्या परीक्षेस दोनशेंहून अधिक मुली बसल्या आणि ती पाहण्यास शहरांतील देशी व युरोपीय लोकांचा मोठा समुदाय लोटला. मुलींनीं लिहावयास शिकणें म्हणजे घराण्यास बट्टा, असें म्हणणाऱ्या त्या पुण्यांत माळ्याच्या व साळ्याच्या मुलींनीं भर सभेंत उभें राहून उत्तरें दिलीं. ती परीक्षा जितकी मुलींची, तितकीच भोंवतीं जमलेल्या समाजाची होती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं सरकारतर्फें विश्रामबागवाड्यांत जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, ही गोष्ट पुष्कळदां सांगितली जाते. पण आपल्या मुलीस मोठ्या माणसांसमोर वाचतांना पाहून ज्या आईबापांचे डोळे भरून आले असतील, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं.

मुलें शिकूं लागलीं तेव्हां पालकांचा प्रश्न पुढें आला. १८५५ सालीं फुले पतिपत्नींनीं दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. त्यांतील कुणबी व त्याची बायको अज्ञानापायीं नाडलीं जातात आणि शेवटीं रात्रीच्या शाळेंत जाण्याचा निश्चय करतात. मुलास शिकवावयाचें तर आईबापांसहि शाळेचा उंबरा ओलांडतां आला पाहिजे, हा विचार त्या नाटकांत पावणेदोनशें वर्षांपूर्वीं मांडलेला आहे.

त्याच सुमारास सरकारी विद्याखातें स्थापन झालें. खात्याबरोबर क्रमिक पुस्तकें आलीं, तपासनीस आले आणि ज्यांस गांवकरी ‘दिपोटी’ म्हणत ते डेप्युटी इन्स्पेक्टरहि आले. पुढें परीक्षेचा निकाल पाहून शाळेस पैसे देण्याची पद्धति निघाली. जितकीं मुलें पास तितकें अनुदान, असा तिचा हिशेब होता. दिपोटीसाहेब यावयाचे म्हटलें कीं शाळा सारवून काढीत, ढ मुलांस त्या दिवशीं घरीं राहावयास सांगत आणि बाकीच्यांकडून ठराविक प्रश्नांचीं ठराविक उत्तरें घोटून घेत. ही पद्धति विसाव्या शतकाच्या आरंभीं सोडून देण्यांत आली. परंतु तोंपर्यंत शाळेचें तोंड गांवाकडून कचेरीकडे वळलें होतें. शिक्षकाची भाकरी आतां पालकाच्या हातीं नव्हती, आणि म्हणून वर्षअखेरचा जाबहि पालकास द्यावा लागत नव्हता.

ह्यांतील दोष जोतीरावांनीं ओळखला होता. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत निदान बाराव्या वर्षापर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी आहे. दिपोटी वर्षांतून एकदां येऊन जातात त्याचा फारसा उपयोग नाहीं. तीन महिन्यांनीं तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून ती न कळवितां व्हावी, असें त्यांनीं सांगितलें. मुलांस उत्तेजन म्हणून सहामाही किंवा वार्षिक बक्षिसें द्यावींत, असेंहि सुचविलें. आणि शिक्षक शक्यतों शेतकरीवर्गांतून घ्यावेत, ज्यांना लोकांत मिसळतां येईल व प्रसंगीं नांगराच्या रुमण्यास हात लावावयास लाज वाटणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें तर सर्वांत मोलाचें आहे. पालकांस शाळेंत आणण्याआधीं शिक्षकानें पालकाच्या बांधावर जावें, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कौळाण्याच्या शेतकरी घरांतले. १८७५ सालीं दत्तक जाईपर्यंत त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणास आरंभ केला आणि १९०६ सालीं ती सक्ति साऱ्या संस्थानांत लागू केली. नामदार गोखल्यांनीं १९११ च्या मार्चांत वरिष्ठ कायदे कौन्सिलांत तसेंच बिल आणलें. ज्याची मासिक प्राप्ति दहा रुपयांहून अधिक नाहीं, त्याच्या मुलास फी पडूं नये, अशी तजवीज त्यांत होती. लोकांची अजून तयारी नाहीं, त्यांच्याकडून मागणी नाहीं, असा आक्षेप निघाला आणि १९१२ सालीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं बिल पडलें. ज्यांस कोणी विचारलेंच नव्हतें त्यांची मागणी नाहीं, असें ठरवून टाकणें सोपें असतें. पांचच वर्षांनीं, १९१७ सालीं, कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं सक्तीचा व मोफत शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेंत घ्यावें असा हुकूम काढला.

दंड आवश्यक होता, ह्यांत संशय नाहीं. गुरें राखणारा मुलगा आणि धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फिरणारी मुलगी ह्यांना त्यावांचून कोणी सोडलें नसतें. परंतु दंडानें मुलाचे पाय शाळेकडे वळतात. पालकाचा कान वळत नाहीं. त्यासाठीं निराळा मार्ग लागतो, आणि तो दोन माणसांनीं दाखविला.

पहिले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह उघडलें. त्या मुलांच्या अन्नासाठीं त्यांनीं मुष्टिफंड काढला. बायांनीं दळण घालतांना मूठभर धान्य बाजूस काढावयाचें आणि तें बोर्डिंगास द्यावयाचें. रयतेची ती बाई शाळेंत कधीं गेली नसेल. पण तिच्या मुठीनें ती शाळा तिची झाली. दुसऱ्या ताराबाई मोडक. १९४५ पासून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें काम केलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसल्यावर त्यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हें नांव तेथून रूढ झालें. गुरांमागें जाणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणशाळा काढली. अंगणांत भरलेली शाळा आईस हातचें काम न सोडतां दिसते, ऐकूं येते. ओसरीवरच्या परवच्याचें हें नवें रूप होतें, आणि ज्या घरांत तो कधींच झाला नव्हता त्या घरांच्या दारांत तें आलें.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानें अखेर पालकाचें स्थान मान्य केलें. २००२ च्या घटनादुरुस्तीनें मुलांस शिक्षणाचा हक्क व पालकांस शिक्षणाची संधि देण्याचें कर्तव्य सांगितलें. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिति सांगितली. तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. ज्या कायद्यांत शाहू महाराजांच्या काळचा दंड नाहीं, त्यांतच पालकास शाळेच्या कारभाराचा हक्क मिळाला, हा शंभर वर्षांतला मोठा पालट होय. परंतु समितीच्या वहींत सही झाली म्हणजे पालकाचें लक्ष लागलें असें नव्हे. मोलमजुरीचा दिवस बुडवून सभेस आलेल्या आईस जर केवळ ठराव वाचून दाखविले आणि मुलगा कोठें अडतो तें सांगितलेंच नाहीं, तर तिची सही दिपोटीच्या शेऱ्याहून फारशी निराळी ठरत नाहीं.

अशिक्षित पालक काय करणार, हा प्रश्न आजहि शिक्षकांच्या तोंडीं येतो. त्याचें उत्तर चुलीपुढच्या त्या आईनें केव्हांच देऊन ठेवलें आहे. तिला वाचतां येत नव्हतें. ती ऐकत होती. तिला रोज ऐकावयास मिळत होतें, म्हणून मूल अडखळलेलें तिला कळत होतें. निकालाच्या दिवशीं प्रगतिपुस्तक घेऊन मूल घरीं येतें, तेव्हां त्या खालच्या रेघेवर सही हवी कीं अंगठा, ही बाब गौण आहे. आईनें पदरास हात पुसून खालीं बसावें, आणि अंगठा शाईंत बुडविण्याआधीं मुलास म्हणावें, “वाच बाबा, काय लिहिलंय तें सगळं वाच.”