‘स्फोट’ आणि ‘वारा’ : आंतरदीर्घिकीय वायूतील धातूंचा प्रश्न

विश्वाच्या आरंभी मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम एवढीच मूलद्रव्ये निर्माण झाली. कार्बन, ऑक्सिजन, लोह ही पुढे ताऱ्यांच्या अंतर्भागात घडली, हे १९५७ साली बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि हॉइल यांनी साधार मांडले. ज्योतिर्विद या सर्व जड मूलद्रव्यांना सरसकट ‘धातू’ म्हणतात. ताऱ्यांत जन्मलेले हे धातू दीर्घिकांच्या दरम्यान पसरलेल्या विरळ वायूत आढळावेत, तर त्यांना तेथवर वाहून नेणारे काही साधन असले पाहिजे.

ते साधन प्रथम दिसले, पण निराळ्या नावाने. एम ८२ या दीर्घिकेतून वेगाने बाहेर पडणारे हायड्रोजनचे तंतू लिंड्स आणि सँडेज यांनी १९६३ साली दाखविले, आणि सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी तिच्या केंद्रात प्रचंड स्फोट झाला असावा, असा निष्कर्ष काढला. ‘स्फोट’ या शब्दात एकाच घटनेची कल्पना अंतर्भूत आहे. पुढे त्या केंद्रात तारे असाधारण वेगाने जन्मत असल्याचे स्पष्ट झाले. असंख्य अतिदीप्त नवताऱ्यांच्या ऊर्जेने तापलेला वायू अखंड बाहेर वाहतो, याचे गणित शेव्हालिए आणि क्लेग यांनी १९८५ साली दिले. ‘स्फोटा’ची जागा ‘वाऱ्या’ने घेतली; म्हणजेच घटनेची जागा प्रक्रियेने घेतली. तारे जन्मत राहतील तोवर हा वारा वाहणार.

लहान दीर्घिकांचे गुरुत्वाकर्षण दुबळे असल्याने त्यांतून वायू सहज निसटतो, हे लार्सन यांनी १९७४ साली दाखविले होते. मग अशा दीर्घिका वायुहीन का होत नाहीत? मॅक लो आणि फेरारा यांच्या १९९९ च्या प्रतिकृतींनी याचे उत्तर दिले : थंड वायूची तबकडी बहुतांशी टिकून राहते, तिला भेदून धातुयुक्त तप्त वायू तेवढा निघून जातो. २००२ साली चंद्र वेधशाळेच्या क्ष-किरण वेधांत एनजीसी १५६९ या लहान दीर्घिकेचा वारा धातुसमृद्ध आढळला.

दुसरा पुरावा क्वासारांच्या वर्णपटांतून आला. त्यांतील दाट शोषणरेषा वाटेतील हायड्रोजनच्या आहेत, हे १९७१ साली त्याच लिंड्स यांनी ओळखले. १९८० साली सार्जंट आणि सहकाऱ्यांना हे मेघ आदिम, जवळजवळ धातुरहित वाटले. १९९५ साली मात्र हवाईतील केक दुर्बिणीने त्यांपैकी अनेकांत कार्बनच्या क्षीण रेषा दाखविल्या. आदिम मानलेला वायू ताऱ्यांच्या संपर्कातून गेलेला होता.

हे धातू फार प्राचीन काळी लहान दीर्घिकांच्या वाऱ्यांनी पसरविले, असे मदाऊ, फेरारा आणि रीस यांनी २००१ साली प्रतिपादिले. अशा दीर्घिका संख्येने पुष्कळ होत्या आणि त्यांच्यामधील अंतरेही तुलनेने अल्प होती. मोठ्या दीर्घिकांचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तथापि एका आकस्मिक स्फोटाने हा व्यापक प्रसार उलगडला नसता. ‘वारा’ ही संज्ञा रुळली, तेव्हा दीर्घिका आणि तिच्या बाहेरील अवकाश यांचा इतिहास एकच ठरला.