ताप उतरला, मॅरेथॉन रविवारी आहे. धावायचं का?

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ऐन पावसाळी तापाच्या दिवसांत येते, मुंबईची जानेवारीत, सर्दी-खोकल्याच्या हंगामात. चार महिने सराव झाला, बिब हातात आला आणि नेमका त्याच आठवड्यात ताप, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

धावणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: त्रास मानेच्या वर आहे की खाली? नुसतं नाक वाहत असेल तर हलकं धावणं सहसा चालतं. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर घरीच थांबा. पण हा ठोकताळा रोजच्या हलक्या धावण्यासाठी आहे. 21 किंवा 42 किलोमीटरच्या शर्यतीला तो लावू नका.

खरी भीती हृदयाची. सर्दी-तापाचे काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. याला मायोकार्डायटिस म्हणतात. हे क्वचितच होतं, आणि कधी कधी थकव्यापलीकडे काही जाणवतही नाही. अशा वेळी जोर लावला तर ठोक्यांची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो, अगदी धडधाकट तरुणालाही. म्हणूनच हे निदान झालेल्या खेळाडूंना साधारण 3 ते 6 महिने स्पर्धेपासून लांब ठेवतात.

‘गोळी घेऊन धावतो’ हा तर सगळ्यात वाईट उपाय. पॅरासिटामॉलने ताप दबतो, आजार तिथेच राहतो. आयब्युप्रोफेन घेतली आणि घामाने अंगातलं पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडावर ताण येतो. डेंग्यूची शंका असेल तर ही गोळी नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग अंदाज कसा घ्यायचा? सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. एरवी 60 असते आणि आज 72 भरली, तर शरीर अजून सावरलेलं नाही. गोळीशिवाय ताप नाही, जेवण नेहमीसारखं जातंय, जिना चढून धाप लागत नाही, असे काही दिवस गेले की आधी चालणं, मग दोन-तीन किलोमीटर सावकाश. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढायला लागेल.

राहिला नोंदणीच्या पैशांचा प्रश्न. ते सहसा परत मिळत नाहीत. तरी नाव पुढच्या वर्षी ढकलता येतं का, हे आयोजकांना विचारून बघा.