मॉरिशसची निळ्या शेपटीची पाल

पाल म्हटली की आपल्याला आठवते ती ट्यूबलाइटमागे दडणारी, रात्री चुकचुकणारी. मॉरिशसमध्ये मात्र भर दिवसा केळीच्या पानावर किंवा व्हरांड्यात हिरव्यागार अंगाची, निळ्या शेपटीची पाल दिसते. मुले तिच्याविषयी हमखास विचारतात, म्हणून आम्ही ही थोडक्यात माहिती देत आहोत.

ओळख : शास्त्रीय नाव फेल्सुमा सेपेडियाना. ही पाल मूळची फक्त मॉरिशसची. शेपटीसह लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. नराच्या अंगावर तांबडे ठिपके असतात. मादी रंगाने फिकी. पापण्या नसल्यामुळे ती जिभेनेच डोळे पुसते.

वस्ती : बागांमध्ये दिसली तरी तिचे खरे घर म्हणजे दमट जंगल. तिथे ती आपल्या केवड्याच्या कुळातील, येथे वाकोआ म्हणतात त्या झाडांच्या काटेरी पानांत लपते. मॉरिशसच्या ससाण्याचे पाली हे मुख्य खाद्य, त्यामुळे हा आडोसा फार मोलाचा. या झाडांजवळच्या फुलांना तिच्या भेटीही जास्त होतात.

खाणे आणि काम : किडे, पिकलेली फळे आणि फुलांतील मध हा तिचा आहार. 'रूसिया' ही केवळ मॉरिशसमध्ये उगवणारी, आता दुर्मिळ झालेली वेल आहे. तिच्या फुलांचे परागण ही पाल करते आणि फळातील गर चाटताना बियाही तीच पसरवते. दोन्ही कामे एकाच पालीकडे! आमच्या संगणकाच्या भाषेत सांगायचे तर या वेलीला बॅकअप नाही.

धोके : बाहेरून आलेल्या पांढऱ्या पायांच्या मुंग्या या वेलीच्या फुलांवर पिठ्या ढेकूण सांभाळतात, त्यांच्यावर मातीचे छप्पर घालतात आणि जवळ येणाऱ्या पालीला चावून हुसकावतात. मग फळेच कमी धरतात. मादागास्करची मोठी हिरवी पालही १९९० च्या दशकापासून येथे पसरली असून ती स्थानिक पालींना मागे रेटते. मांजरे आणि उंदीर आहेतच.

आपण काय करावे : ही पाल विषारी नाही. तिला पकडू नये. तिची कातडी चटकन फाटते आणि शेपटी तुटते. हौसेने पाळलेली परदेशी पाल बागेत कधीही सोडू नये. मुलांना लांबूनच दाखवावी आणि रूसियाची गोष्टही अवश्य सांगावी.